डिस्ट्रिब्युटर ‘गेला’ म्हणजे नक्की काय गेलं?

आपल्याकडच्या गॅरेजमध्ये एक शब्द फार स्वस्त आहे आणि गिऱ्हाइकाला तोच सर्वांत महाग पडतो. तो शब्द म्हणजे ‘गेला’. क्लच गेला, पंप गेला, सेल्फ गेला. जुन्या पेट्रोल गाडीचं बॉनेट उघडलं, इंजिन मिसिंग मारत असलं, की पाच मिनिटांत निकाल लागतो, "डिस्ट्रिब्युटर गेला, नवीन टाका." गाडी बनायची बंद होऊन वीसपेक्षा जास्त वर्षं झालेली असतात, कंपनीचा नवा डिस्ट्रिब्युटर सहज मिळणार नाही हे सांगणाऱ्यालाही माहीत असतं. मग दुसरा निकाल येतो, "इलेक्ट्रॉनिक किट टाका." आणि मालकाने खिशात हात घालायला वेळ लावला तर तिसरा, "भंगारात द्या, भाव चांगला येईल."

माझं म्हणणं असं की यातला पहिला निकालच बहुतेक वेळा चुकीचा असतो. डिस्ट्रिब्युटर ही एक वस्तू नाहीच. ती आठ-दहा लहान वस्तूंची डबी आहे आणि त्यांतली एखादी बिघडते. ती कोणती हे शोधायची तयारी नसली की अख्खी डबी ‘जाते’. आणि शोधायचं हे काम आपण, म्हणजे चार वर्षं इंजिनिअरिंग करणारी मंडळी, करू शकत नाही, कारण ती डबी आपल्या हातात कुणी दिलेलीच नाही. या वाक्यावर स्टाफ रूममध्ये काही कपाळांवर आठ्या पडतील. तरी लेख पूर्ण वाचावा ही नम्र विनंती.

मराठी विभागात मी लिहितेय म्हणून मैत्रिणी हसतायत. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचं संपादक मॅडम बघून घेतील. पण कंडेन्सर, कॅम, अॅडव्हान्स हे शब्द मी पुस्तकात इंग्रजीतून पाठ केले आणि ते समजले मात्र अजिंठा चौफुलीजवळच्या एका गॅरेजात, अर्ध्या खान्देशी मराठीतून. म्हणून हा विषय याच पानांत हवा असं मला वाटलं.

आता गाडीबद्दल. ‘जुनी स्पोर्ट्स कार’ म्हटलं की बॉईज हॉस्टेलच्या भिंतींवरची लाल पोस्टरं आठवतात. देशात बनलेली दोन सीटची सॅन स्टॉर्म ही गाडी १९९८ पासून गोव्यात तयार व्हायला लागली, तिच्यात रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन होतं. जळगावच्या रस्त्यावर मला ती एकदाही दिसलेली नाही. आपल्याकडची जुनी गाडी म्हणजे फियाट, अर्थात प्रीमियर पद्मिनी. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, पुढे कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनू लागली आणि १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं. हसू नका, पण या घरगुती गाडीच्या खानदानात खरोखर स्पोर्ट्सचं रक्त आहे. १९५३ साली इटलीत आलेल्या फियाट ११००-१०३ ची ‘टीव्ही’ नावाची जलद आवृत्ती होती. टीव्ही म्हणजे ‘तुरिस्मो व्हेलोचे’. ती मिल्ले मिल्याच्या शर्यतीत पळालेली आहे. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन त्याच घराण्यातलं, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. ताकद मात्र ४० अश्वशक्तीच्या आसपास, त्यामुळे चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना चार माणसं बसलेली असली तर शर्यत फक्त ट्रकशी होते.

२००० च्या सुमारास पद्मिनीचं उत्पादन थांबलं. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली तेव्हा पेपरांत फोटो आले, लोक हळहळले. खासगी पद्मिनी आपल्याकडे अजून आहेत. धुळ्यात, जळगावात, चोपड्यात, कुणा डॉक्टरांच्या नाहीतर वकिलांच्या दारात ताडपत्रीखाली उभ्या दिसतात. त्यांतल्या किती तरी केवळ ‘डिस्ट्रिब्युटर गेला’ या एका वाक्यावर उभ्या असाव्यात, अशी माझी शंका आहे.

डिस्ट्रिब्युटर करतो काय? तीन कामं. कॉइलमधला प्रवाह नेमक्या क्षणी तोडायचा, त्यातून निर्माण झालेला हजारो व्होल्टचा दाब ज्या सिलेंडरची पाळी आहे त्याच्याकडे पाठवायचा, आणि इंजिनचा वेग वाढेल तशी ठिणगीची वेळ थोडी अलीकडे आणायची. पद्धत अमेरिकेच्या चार्ल्स केटरिंगची. १९१० च्या कॅडिलॅकमध्ये ती आली आणि पुढे साठ-सत्तर वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या तिच्यावरच चालल्या. आतला शाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्यावर चार उंचवट्यांचा कॅम. उंचवटा आला की पॉइंट उघडतात, प्रवाह तुटतो, कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि प्लगवर ठिणगी पडते. वरचा रोटर त्या वेळी कॅपमधल्या बरोबर त्या खुंटीसमोर आलेला असतो. बस्स, एवढंच.

पण ‘एवढंच’ किती वेळा, याचा हिशेब करून पाहा. चार सिलेंडर, ३००० आरपीएम म्हणजे सेकंदाला १०० ठिणग्या. धुळे ते जळगाव साधारण ९० किलोमीटर, दीड तास धरला तर साडेपाच लाख वेळा ते दोन पॉइंट उघडले आणि मिटले. दोन ठिणग्यांमध्ये मिळतात १० मिलिसेकंद. त्यातला साठेक टक्के वेळ पॉइंट मिटलेले, म्हणजे कॉइल भरायला ६ मिलिसेकंद. साधी कॉइल ३ ओहमची आणि १० मिलिहेन्रीच्या आसपासची असते, म्हणजे टाइम कॉन्स्टंट सुमारे ३ मिलिसेकंद. एसवायला आपण हे सर्किट सोडवलंय. ५००० आरपीएमला हाच वेळ साडेतीन मिलिसेकंदांवर येतो आणि कॉइल अर्धवट भरलेली असतानाच तुटते. जुनी गाडी गावात नीट चालते आणि हायवेला लागली की अडखळते, त्याचं एक कारण या भागाकारात आहे. आम्ही सेमिस्टरला गणित केलं, मार्क मिळवले, आणि ते बॉनेटखालच्या एका काळ्या डबीबद्दल होतं हे आम्हाला कुणी सांगितलं नाही!

आता प्रत्यक्ष गोष्ट. धुळ्याच्या माझ्या मामांकडे १९८६ सालची पद्मिनी आहे. सकाळी पहिल्या सेल्फला सुरू व्हायची. मुकटी सोडलं की आचके द्यायची, सायलेन्सरमधून फटाके फोडायची आणि पारोळ्याच्या आत कुठेतरी निंबाखाली बंद पडायची. अर्धा तास थांबलं की पुन्हा शहाण्यासारखी सुरू. मे महिना होता, त्यामुळे सगळ्यांना वाटलं की पेट्रोलची वाफ होतेय. खान्देशातला ठरलेला उपाय म्हणजे पंपावर ओलं फडकं. तो करून झाला, फरक नाही. पारोळ्याला प्लग बदलले, फरक नाही, आणि तिथेच पहिल्यांदा ऐकलं की डिस्ट्रिब्युटर गेला. जळगावला दोन ठिकाणी किटचा भाव सांगितला. मामी म्हणाल्या, विकून टाका.

शेवटी कुणीतरी चौफुलीजवळच्या एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे पाठवलं. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही तेच म्हणते. गाडी तोपर्यंत थंड झाली होती, व्यवस्थित चालत होती. चाचांनी तिला हातच लावला नाही. म्हणाले, "थंडी असल्यावर तिला काही होत नाही, मग मी काय पाहू? जशी बंद पडते तशी आणा." मामा चक्रावले. मग चाचांनी स्वतःच बॉनेट अर्धवट टेकवलं, वर गोणपाट टाकलं आणि इंजिन चालू ठेवून चहा प्यायला बसले. वीस-पंचवीस मिनिटांनी गाडी बंद पडली तेव्हा उठले.

त्यानंतरची दहा मिनिटं मला सगळ्या प्रॅक्टिकल्सपेक्षा जास्त शिकवून गेली. कॉइलची मधली जाड वायर काढून इन्सुलेशनच्या पकडीने ब्लॉकपासून थोड्या अंतरावर धरली, सेल्फ मारायला लावला. ठिणगी आली, पण पिवळी, केविलवाणी. म्हणजे पेट्रोल निर्दोष, दोष करंटचा. कॅप काढली, स्विच चालू ठेवून पॉइंट हाताने उघडले. पॉइंटमध्येच मोठी निळी ठिणगी. जी ठिणगी प्लगवर पडायला हवी तिची ताकद इथेच जळत होती. हे काम कंडेन्सरचं. पॉइंट उघडताना प्रवाहाला क्षणभर दुसरी वाट द्यायची, म्हणजे पॉइंटमध्ये ज्वाळ होत नाही आणि क्षेत्र झटकन कोसळतं. चाचांनी डब्यातला एक जुना कंडेन्सर बाहेरूनच क्लिपने लावला. गाडी सुरू! आतला कंडेन्सर थंड असताना जोडलेला राहायचा आणि तापला की आतून सुटायचा. ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपासची, बोटाच्या पेराएवढी वस्तू. तिची किंमत आपल्या मेसच्या एका दिवसाच्या जेवणापेक्षा कमी होती.

इथे गोष्ट संपली असती तर लेख लहान झाला असता. कंडेन्सर बदलल्यावर गाडी बंद पडायची थांबली, पण साठच्या पुढे मिसिंग राहिलंच. चाचांनी शाफ्ट दोन बोटांत धरून हलवला. तो कडेला हलत होता, डोळ्यांना दिसेल इतका. म्हणजे खालचा बुश झिजलेला. पॉइंटचा गॅप अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी असतो. शाफ्टच जर मिलिमीटरच्या दहाव्या भागाने इकडून तिकडे जात असेल तर एका उंचवट्याला गॅप एक आणि समोरच्याला दुसरा. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंग पुढे, आणि मिटलेले राहायचा वेळ कमी. चारही सिलेंडरना चार वेगळी टायमिंग, आणि शाफ्टवरचा एक अंश म्हणजे क्रँकवर दोन अंश! असल्या डिस्ट्रिब्युटरला नवे पॉइंट टाका, फिलर गेजने कितीही जीव लावून गॅप द्या, दोन दिवसांत पुन्हा तेच. तेव्हा पारोळ्याचा मेकॅनिक अगदीच खोटं बोलत नव्हता हे मान्य करायला हवं. डिस्ट्रिब्युटर खरंच थकला होता. पण थकला होता तो बुश. एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याने गनमेटलचा बुश काढून दिला. जुना ठोकून बाहेर, नवा दाबून आत, रीमर फिरवला, तेलाचं छिद्र पाडलं. शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर फिरेल इतकीच जागा ठेवायची, जास्त नाही. मामांची गाडी आता धुळे-जळगाव न थांबता येते.

त्या आठवड्यात मी रोज कॉलेज सुटल्यावर तिथे जायचे. पहिल्या दिवशी मला खुर्ची मिळाली, चौथ्या दिवशी पाना. ("ह्या काय करून राहिल्या इथं?" असं एका गिऱ्हाइकाने विचारलं, त्याला चाचांनी उत्तरही दिलं नाही.) आणि या डबीचे इतर आजारही पाहिले. कॅपला आतून केसासारखी बारीक चीर गेलेली असते, पावसाळ्यात ओल धरली की त्या चिरेतून करंट पळतो आणि कोळशाची काळी रेघ उमटते. रात्री अंधारात इंजिन चालू करून पाहिलं तर कॅपवर निळे किडे वळवळताना दिसतात. कॅपच्या मध्यावरची कोळशाची दांडी झिजते. रोटर आतल्या आत फुटून करंट सरळ शाफ्टला देतो, वरून पाहिलं तर काहीच दिसत नाही. पॉइंटला जाणारी आतली पातळ वायर सारखी वाकून आतून तुटते, बाहेरचं कापड शाबूत. खालची वजनं गंजून अडकतात, मग वेग वाढला तरी टायमिंग पुढे जात नाही आणि लालिंगचा घाट चढताना गाडी म्हातारी होते. हे तपासायला काही यंत्र लागत नाही. रोटर हाताने फिरवून सोडायचा, तो स्प्रिंगने झटकन मागे यायला हवा. ज्या डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्युम अॅडव्हान्स असतो त्याच्या नळीला तोंड लावून हवा ओढायची, आतली प्लेट सरकली नाही तर पडदा फाटलेला. पॉइंट जळले असतील तर बारीक कानशीने साफ करायचे. पॉलिश पेपर चाचांना अजिबात चालत नाही, त्याचे कण पॉइंटमध्ये रुततात. आणि टायमिंग लावायला एक वायर जोडलेला साधा बल्ब पुरतो. स्विच चालू, डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवायचा, बल्ब पेटला की त्या क्षणी पॉइंट उघडले.

या यादीतल्या एकाही दोषाला नवीन डिस्ट्रिब्युटर लागत नाही. लागतो तो वेळ, आणि एक एक शक्यता बाद करत जायची सवय.

किटबद्दलही बोलायला हवं, नाहीतर मी जुन्याची पूजा करते असं वाटेल. इलेक्ट्रॉनिक किट चांगलंच असतं. त्यात पॉइंट नाहीत, झिजणारी टाच नाही, दर काही हजार किलोमीटरला गॅप द्यायची कटकट नाही. मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या तेव्हा ठिणगीला जास्त दाब लागायला लागला, तिथे अशी सुधारणा कुणालाही पटेल. रोज ऑफिसला जाणारी गाडी असेल तर मीही किटच सांगेन. पण किट बसतं त्याच शाफ्टवर, त्याच झिजलेल्या बुशात, त्याच गंजलेल्या वजनांच्या डोक्यावर. आधी रोग न शोधता किट टाकलं तर पैसे जातात आणि घाटातली रड तशीच राहते. शिवाय किटचं मॉड्यूल रात्री अकरा वाजता एरंडोलच्या पुढे बंद पडलं तर काय करणार? पॉइंट निदान कानशीने घासून घरी येता येतं. आणखी एक गोष्ट बऱ्याच मालकांना माहीत नसते. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम काढले, त्यात ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात ठेवलेली गाडी ‘व्हीए’ अक्षरांच्या वेगळ्या नंबरने नोंदवता येते. पद्मिनी नावाच्या पहिल्या गाड्या २०२४ साली पन्नाशीच्या झाल्या. काढलेला मूळ डिस्ट्रिब्युटर भंगारवाल्याच्या टोपलीत टाकायच्या आधी मालकाने एवढा विचार करावा. निदान फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवावा.

आता आपल्या कॉलेजकडे येते. आपल्या लॅबमध्ये बॅटरी इग्निशनचा बोर्ड आहे. लाल-निळ्या रंगाने रंगवलेला, सुंदर. त्यातला डिस्ट्रिब्युटर अर्धा कापलेला आहे, तो फिरत नाही. प्रॅक्टिकलचं नाव ‘स्टडी ऑफ बॅटरी इग्निशन सिस्टिम’. स्टडी म्हणजे मागच्या वर्षीच्या जर्नलमधून आकृती उतरवणे, सही घेणे. व्हायव्हाला प्रश्न ठरलेला, "कंडेन्सरचं कार्य काय?" उत्तर ठरलेलं. कंडेन्सर बिघडला तर गाडी कशी वागेल, हा प्रश्न मी अजून कुणाला विचारलेला ऐकला नाही. यात एखाद्या सरांचा दोष आहे असं मी म्हणत नाही. सिलॅबस पूर्ण करायचा असतो, बॅच मोठी असते, वेळ दोन तासांचा. पण चार वर्षांत आपल्यातल्या कुणाच्याही हातात बिघडलेली वस्तू ठेवून "शोध" असं कुणी म्हणत नाही, ही वस्तुस्थिती आहे.

आणि गंमत म्हणजे बिघडलेली वस्तू आपल्याकडे आहे! वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये कुणा माजी विद्यार्थ्याने दिलेली पद्मिनी उभी आहे. इंजिन जागेवर, डिस्ट्रिब्युटर जागेवर. गॅदरिंगच्या वेळी तिच्याजवळ फोटो काढतात, बाकी वर्षभर तिच्या सावलीत कुत्री झोपतात. यंदा तिचं नाव डेड स्टॉकच्या यादीत आहे असं ऐकलं. म्हणजे निर्लेखन होणार, मग भंगारवाल्याचा टेम्पो. हे लिहायला मी खरं तर त्यासाठीच बसले.

मुलं म्हणतात, "अगं, ईव्हीचा जमाना आलाय, पॉइंट-कंडेन्सर शिकून चाकणला नोकरी मिळणार आहे का?" प्रश्न रास्त आहे. मी उलटा प्रश्न विचारते. बीएस-६ गाडी मिसिंग मारायला लागली की स्कॅनर लावतात, तो ‘पी०३००’ असा कोड दाखवतो. अर्थ एवढाच की कुठल्या तरी सिलेंडरांत मिसफायर होतोय. प्लग, कॉइल, इंजेक्टर की कॉम्प्रेशन, हे तो सांगत नाही. मग काय करतात? कॉइल बदलून पाहतात, नाही जमलं तर इंजेक्टर बदलून पाहतात. पारोळ्याला मामांचे प्लग बदलले होते तेच, फक्त बिल मोठं आणि खोली एसीची. हल्लीच्या गाडीत प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असते, पण ती ठिणगी पाडते केटरिंगच्याच युक्तीने, फक्त पॉइंटच्या जागी ट्रान्झिस्टर आलाय. आणि वजनं-स्प्रिंग जे करत होते ते ईसीयूमधला तक्ता करतो. दोन वजनं आणि दोन स्प्रिंगमध्ये वेगानुसार टायमिंगचा आलेख कसा बसवला, हे ज्याने हाताने फिरवून पाहिलंय त्याला तो तक्ता परका वाटणार नाही. मोटरगाडी विजेवर गेली तरी गरम झाल्यावर सुटणारा जोड राहणारच आहे, आणि तो शोधायला ती गरम असतानाच पाहावी लागेल.

बरं, हे काम एकट्या मेकॅनिकलचं नाहीच. मेट्रॉलॉजी लॅबमध्ये मायक्रोमीटर आणि बोअर गेज आहेत, शाफ्ट आणि बुश किती झिजला ते मोजता येईल. लेथ आपल्याकडे सहा, बुश आपणच काढू. इलेक्ट्रिकलचा मेगर कॅपचं आणि रोटरचं इन्सुलेशन तपासेल. ईएनटीसीवाल्यांकडे स्टोरेज ऑसिलोस्कोप आहे, कॉइलच्या प्रायमरीचा आलेख पडद्यावर पाहता येईल. (सरळ प्रोब लावू नका हं, पॉइंट उघडताना तिथेही २००-३०० व्होल्टचा झटका येतो, मधे अॅटेन्युएटर हवा.) चांगल्या कंडेन्सरचा आलेख आणि सुटलेल्या कंडेन्सरचा आलेख शेजारी शेजारी ठेवले तर तो बोर्ड आपोआप निवृत्त होईल. कॉम्प्युटरवाले मित्र पॉइंट मिटलेले राहण्याचा कोन मोजणारं मीटर मायक्रोकंट्रोलरवर दोन संध्याकाळींत करून देतो म्हणालेत. मिनी प्रोजेक्ट म्हणून नेटवरून उतरवलेले रिपोर्ट बाइंड करण्यापेक्षा हे बरं नाही का?

माझी दुसरी काळजी चाचांबद्दल आहे, आणि ती कॉलेजच्या हातातली नाही असं कुणी म्हणू नये. त्यांच्याकडे आता शिकायला कुणी येत नाही. शेजारच्या दुकानांतली मुलं बॅटरी विकतात, एसीचा गॅस भरतात, त्यात पैसा लवकर दिसतो. चाचांनी काही लिहून ठेवलेलं नाही, आणि त्यांना तशी गरजही वाटत नाही. पॉइंट किती उघडे ठेवायचे हे ते गेजने मोजतात खरे, पण नंतर कानाने थोडं बदलतात. पेट्रोल बदलत गेलं तसं टायमिंग कसं बदलत आणलं, हेही त्यांच्याच डोक्यात. २००० साली शिशाचं पेट्रोल देशभर बंद झालं, आता इथेनॉलचं प्रमाण २० टक्क्यांवर आलंय. जुन्या मॅन्युअलमधला आकडा जुन्या पेट्रोलसाठी होता. चाचा गाडी टॉपला टाकून चढावर दाबतात, नॉकिंग किती येतं ते ऐकतात आणि डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवतात. हे केसभर म्हणजे किती अंश, हे आपण टायमिंग लाइट घेऊन त्यांच्या शेजारी उभं राहून मोजू शकतो. कॉलेजने गेस्ट लेक्चरला पुण्या-मुंबईची मंडळी बोलवावी, जरूर बोलवावी. एक शनिवार चाचांनाही बोलवावं. मानधनाचं व्हाउचर कसं करायचं, हे ऑफिसच्या मंडळींना आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

प्राचार्य सरांना आमचा अर्ज गेलेला आहे. गाडी निर्लेखनाच्या यादीतून एक वर्षासाठी काढावी आणि तिसऱ्या वर्षाच्या एका बॅचला द्यावी, एवढंच त्यात मागितलंय. खर्च आम्ही मांडलाय. बॅटरी जुनी चालेल. पॉइंटचे दोन सेट, तीन कंडेन्सर, एक कॅप, एक रोटर, प्लग चार, आणि बुशसाठी गनमेटलचा तुकडा, तो लेथवाल्याने फुकट द्यायचं कबूल केलंय. गाडीचे पुढचे दोन्ही टायर बसलेत, पण इंजिन तपासायला टायर लागत नाहीत. चावी लॅबच्या काकांच्या ड्रॉवरमध्ये आहे, त्यांनीच सांगितलं. ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी वर्कशॉपच्या नोटीस बोर्डावर कागद लावलाय. आतापर्यंत ११ नावं आली आहेत, त्यांत चार ईएनटीसीची. शेडमध्ये लाइट नाही, तेव्हा येताना टॉर्च आणा.